फळाचे गाव कोण सांगेल?



कंदमुळांचा त्याग असलेल्या घरांत बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने केव्हाच घेतली आहे. भाजी असो, वेफर्स असोत की पावभाजी, आपल्या भगिनींनी केळ्याला बहुतेक पाककृतींत सामावून घेतले आहे. खानदेशात तर केळी हा हजारो कुटुंबांचा चरितार्थ आहे. एकेकाळी स्वतंत्र गाव असलेल्या आणि आता जळगाव शहरात मिसळून गेलेल्या पिंप्राळ्यात हातगाडीवरून डझनभर केळी घेताना ती कोणत्या शिवारातून आली, असे सहसा कोणी विचारीत नाही. जळगावात जळगावचीच केळी मिळणार, हे आपण गृहीत धरतो. हाच प्रश्न दूरच्या बाजारपेठेत विचारला गेला, तर मात्र त्याचे उत्तर पैशांत मोजले जाते. त्या उत्तराला पुरावा कोणता, याचा विचार आज या सदरात करावयाचा आहे.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात ‘जीआय’ म्हणतो ते, प्राप्त झाले. ही नोंदणी निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे आहे. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडी येथील शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. मानांकनाचा कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक ज्या भूप्रदेशामुळे निर्माण झाला, त्या प्रदेशाचे नाव ही तेथील उत्पादकांची सामाईक ठेव आहे, हे या कायद्याचे सार होय. त्या नावाचा खोटा वापर करणाऱ्यास किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि किमान ५०,००० ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा असा कठोर आहे. परंतु न्यायासनापुढे पुरावा लागतो, आणि अडचण तेथेच आहे. रावेर तालुका संपला की मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा सुरू होतो. उत्तरेला तोच सातपुडा, मधून वाहणारी तीच तापी, आणि बागाही केळीच्याच. गुजरात, आंध्र प्रदेश आणि आपल्याच राज्यातील सोलापूर येथेही केळी मोठ्या प्रमाणावर पिकते. पाच ठिकाणचे घड एका ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, तर वाण एकच असताना केवळ पाहून त्यांचे गाव सांगणे मुरलेल्या व्यापाऱ्यालाही कठीण जाईल.

येथे कोणी म्हणेल, ‘आता डीएनए तपासणीचे दिवस आहेत, फळाचाच डीएनए तपासावा म्हणजे झाले!’ ही कल्पना सहज सुचणारी आहे. पण केळ्याच्या बाबतीत ती निरुपयोगी ठरते. आपण खातो त्या केळ्यात रुजण्याजोगे बी नसते. केळीची लागवड कंदांपासून, मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने, म्हणजे टिश्यू कल्चरने, तयार केलेल्या रोपांपासून होते. पूर्वी आपल्या भागात बसराई वाणाचा बोलबाला होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘ग्रँड नैन’ या वाणाची टिश्यू कल्चर रोपे आली आणि जळगावच्या केळीचे रूपच पालटले. प्रयोगशाळेत एका निवडक झाडाच्या ऊतीपासून असंख्य रोपे तयार होतात आणि ती सारी जनुकीय दृष्ट्या जवळजवळ एकच असतात. तेच रोप रावेरला लावा, सोलापूरला लावा की सागरापार लावा. फळाचा डीएनए सर्वत्र तोच राहील. तो वाणाचे नाव सांगेल, गावाचे सांगणार नाही. जुळ्या भावंडांपैकी एक चोपड्यात वाढले आणि दुसरे चेन्नईत, तर त्यांच्या रक्तावरून त्यांचा पत्ता कसा कळावा?

हीच अडचण हापूसची आहे. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. परंतु हापूस हा कलमी आंबा. त्याचे कलम कर्नाटकात नेऊन लावले, तरी जनुकीय दृष्ट्या तो हापूसच राहतो. म्हणूनच कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने खपविला जातो, ही बागायतदारांची तक्रार दरवर्षी वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते.

मग फळाचे गाव कोणाला विचारावे? वैज्ञानिकांनी या प्रश्नाला जे उत्तर सुचविले आहे, ते मोठे मनोज्ञ आहे. फळाला विचारू नका, त्याच्या शेजाऱ्यांना विचारा, असे ते म्हणतात. हे शेजारी म्हणजे फळाच्या सालीवर वस्ती करून राहणारे सूक्ष्मजीव. कोणतेही फळ बागेत एकटे वाढत नाही. मातीची धूळ त्याच्यावर बसते, वारा आसपासच्या पिकांवरचे कण आणून टाकतो, पाण्याचे शिंतोडे उडतात, कीटक येऊन जातात, माणसाचे हात लागतात. या साऱ्यांबरोबर जिवाणू, बुरशी आणि यीस्ट, म्हणजे पीठ आंबविणाऱ्या किण्वाच्या जातीचे सूक्ष्मजीव, सालीवर उतरतात. त्यांपैकी कोण तगेल आणि कोण नाहीसे होईल, हे तेथील उष्णता, आर्द्रता, माती आणि फवारण्या यांवर ठरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे नेणाऱ्या खानदेशात जे टिकेल, तेच दमट कोकण किनाऱ्यावर त्याच प्रमाणात टिकेल असे नाही. अशा रीतीने फळाच्या सालीवर त्या प्रदेशाचा एक अदृश्य ठसा उमटत असतो. फळाचा स्वतःचा डीएनए त्याचे कुळ सांगतो. सालीवरच्या सूक्ष्मजीवांचा डीएनए त्याचा सहवास सांगतो.

पाणी गाळून पिणाऱ्या, उकळून ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्या वाचकाला आपल्या भोवती अदृश्य जीवसृष्टी आहे, या कल्पनेचे नवल वाटणार नाही. मात्र शास्त्रातील सूक्ष्म जीवांचे वर्गीकरण आणि प्रयोगशाळेतील जिवाणू हे एकच आहेत, असा घाईचा निष्कर्ष काढू नये. दोन्ही ज्ञानांच्या परिभाषा भिन्न आहेत. डीएनए बाहेर काढण्यासाठी या परीक्षेत सूक्ष्मजीवांच्या पेशी फोडाव्या लागतात, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

ही परीक्षा होते कशी, ते थोडक्यात पाहू. प्रथम फळाची साल निर्जंतुक द्रवाने धुऊन किंवा कापसाच्या बोळ्याने पुसून तिच्यावरील सूक्ष्मजीव गोळा करतात. त्यांच्या पेशी फोडून डीएनए वेगळा काढतात. हा अंश अत्यल्प असतो. म्हणून पीसीआर या तंत्राने त्यातील ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात. कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेले आणि त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणारे हे तंत्र कोरोनाच्या साथीत घराघरांत माहीत झाले. तुकडाही विचारपूर्वक निवडलेला असतो. सर्व जिवाणूंत ‘१६एस’ नावाने ओळखले जाणारे एक जनुक असते. त्याचा काही भाग सर्वांत सारखा, तर काही भाग जातीनुसार निराळा असतो. सारख्या भागामुळे सर्वांना एकाच जाळ्यात पकडता येते, निराळ्या भागामुळे प्रत्येकाला वेगळे ओळखता येते. यीस्ट आणि बुरशीसाठी ‘२६एस’सारखी अन्य जनुके वापरतात.

यानंतर हे तुकडे खळीसारख्या घट्ट पदार्थाच्या पातळ थरातून विजेच्या साह्याने सरकवितात. त्या थरात डीएनएचे दोन धागे विलग करणाऱ्या रसायनाचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढत जाते. लांबी सारखीच असली, तरी अक्षररचना निराळी असलेले तुकडे निरनिराळ्या जागी विलग होऊन थबकतात. परिणामी त्या थरावर एकाखाली एक रेघा उमटतात. दुकानातील वस्तूवर छापलेल्या बारकोडसारखेच ते चित्र दिसते, आणि प्रत्येक रेघ साधारणतः एका सूक्ष्मजीवाची खूण असते. दोन नमुन्यांची रेघाचित्रे पडताळली की त्यांचे साम्य आणि भेद गणिताने मोजता येतात. अलीकडे रेघांऐवजी लक्षावधी तुकड्यांची अक्षरेच एकदम वाचणारी यंत्रे आली आहेत. त्यामुळे ओळख अधिक बारकाईने पटविता येते.

फ्रान्समधील माँपेलिए येथे डिडिए माँते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराचा बराच पाठपुरावा केला. २००९ मध्ये त्यांच्या गटाने, ज्यात ईजिप्तचे संशोधक एल शेखा प्रमुख होते, ईजिप्तमधील रसभरीच्या फळांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. कागदी आवरणात दडलेले हे पिवळे आंबटगोड फळ आपणांस परिचित आहे. या फळांवरील यीस्टच्या रेघाचित्रांवरून फळाचा प्रदेश ओळखता येऊ शकतो, असे त्यांना आढळले. मात्र आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी या कामास ‘प्राथमिक’ म्हटले, हा त्यांचा विवेक लक्षात घेण्यासारखा आहे.

कॅलिफोर्नियात बोकुलिच आणि सहकाऱ्यांनी द्राक्षरसाच्या नमुन्यांचा दोन हंगामांत अभ्यास केला; तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या द्राक्षप्रदेशांतील सूक्ष्मजीवांची घडण निराळी असल्याचे त्यांना दिसले. त्याचबरोबर द्राक्षाचा वाण, त्या वर्षीचे हवामान आणि हंगाम यांचाही त्या घडणीवर प्रभाव पडतो, हेही स्पष्ट झाले. म्हणजे सूक्ष्मजीवांचा ठसा दगडावर कोरलेल्या शिलालेखासारखा अचल नाही. तो रोजकीर्द वहीसारखा आहे. दर हंगामात त्यात नवी नोंद होते.

हे सारे जळगावच्या केळीला लावू पाहिले, की मर्यादा ध्यानात येतात. निर्यातीच्या केळीच्या फण्या पाण्याच्या टाक्यांत धुतल्या जातात, चीक काढला जातो, बुरशीनाशकाची प्रक्रिया होते, मग त्या खोक्यांत भरतात. पुढे शीतगृह, आणि अखेरीस इथिलीन वायूवर फळ पिकविण्याच्या खोल्या. प्रत्येक टप्प्यावर जुने शेजारी कमी होतात आणि नवे येऊन बसतात. शेतात कापलेल्या घडावरचा ठसा दिल्लीच्या दुकानातील पिकलेल्या केळ्यावर तसाच्या तसा मिळेल, अशी अपेक्षा धरता येणार नाही. शिवाय आपल्याकडे मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांची लागवड होते. एकाच शिवारातील मृगबागेच्या आणि कांदेबागेच्या घडांनी निरनिराळे ऋतू पाहिलेले असतात. त्यांचे ठसेही अगदी एकसारखे असतील असे मानून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. निसर्ग राज्यांच्या सीमा मानीत नाही. रावेर आणि बऱ्हाणपूर यांच्यामध्ये कायद्याने आखलेली रेषा सूक्ष्मजीवांना ठाऊक नाही. तापीच्या एकाच खोऱ्यातील, एकाच हवामानातील दोन बागांचे ठसे परस्परांशी बरेच जुळण्याचा संभव आहे. खानदेशची केळी आणि आंध्रची केळी यांतला भेद ही परीक्षा दाखवू शकेल. दोन लगतच्या तालुक्यांतला भेद दाखविण्याचे ओझे तिच्यावर टाकणे योग्य होणार नाही. ती साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

साक्षीदाराची साक्ष कामी यावी, तर पडताळण्यासाठी आधीची नोंद हवी. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखायचा, तर तो ठसा आधी कोठे तरी नोंदलेला असावा लागतो. तसेच हे आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, जामनेर, भडगाव या तालुक्यांतील बागांतून, दोन्ही हंगामांत आणि सलग काही वर्षे नमुने घ्यावे लागतील. बागेत कापलेला, टाकीत धुतलेला आणि खोलीत पिकविलेला, असे एकाच मालाचे तिन्ही अवस्थांतील ठसे नोंदवावे लागतील. शेजारच्या जिल्ह्यांतील आणि अन्य राज्यांतील केळीही तुलनेसाठी तपासावी लागेल. जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, आणि तिरुचिरापल्ली येथे केळीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. अशा कामाला बागायतदार आणि व्यापारी यांनी मिळून हातभार लावला, तर तो खर्च वाया जाणार नाही.

ठसा पुसट होतो, या अडचणीवर दुसरा एक उपाय पुढे आला आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मायकेल स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी निरुपद्रवी जिवाणू आणि यीस्ट यांच्या बीजाणूंत डीएनएची एक कृत्रिम खूण घातली आणि ते बीजाणू पुन्हा अंकुरून वाढणार नाहीत, अशी व्यवस्था केली. हे बीजाणू पिकावर फवारले, तर पुढे मालाची तपासणी करून तो कोणत्या शेतातून आला ते सांगता येते. ही पद्धत कल्पक खरी. पण येथे खूण निसर्गाची नसून माणसाने फवारलेली आहे, आणि जनुकीय बदल केलेले बीजाणू अन्नावर फवारणे समाजाने स्वीकारावे की नाही, हा विचार प्रयोगशाळेबाहेरच व्हावयास हवा.

देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने याहून साधा मार्ग धरला. २०२५ च्या हंगामापासून तिने फळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत सुरू केली. ग्राहकाने तो क्रमांक पडताळून पाहावा, अशी योजना आहे. हा मार्ग स्वस्त आणि सोपा आहे. तथापि, स्टिकर लावणारा हात प्रामाणिक असेल, तेवढेच ते स्टिकरही प्रामाणिक राहते. स्टिकर आणि सूक्ष्मजीवांचा ठसा यांनी परस्परांना दुजोरा द्यावा, यात दोघांचेही बळ आहे. स्टिकर म्हणते, ‘मी तांदलवाडीचे’; शंका आली, तर काही खोकी उघडून ठशाला विचारावे.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात आहेत. त्यामुळे हा विषय आपल्या अंगणातला आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे. अस्सल मालाच्या नावे तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या मालाचा व्यवहार करणे, हा त्याचा अर्थ. चोरी, मापातील खोट आणि हा व्यवहार आचार्यांनी एकाच व्रताखाली ठेवला, यामागे व्यापाराचे सखोल ज्ञान दिसते. सोलापूरची केळी उत्तम असतील. ती सोलापूरची म्हणून विकण्यात कसलेही न्यून नाही. दोष मालात नसतो, नावात असतो. ते नाव ज्यांनी उन्हातान्हात बाग जोपासून कमावले, त्यांच्या मिळकतीतून ते उचललेले असते. आणि परगावच्या ग्राहकाला एकदा फसगत जाणवली, की तो व्यापाऱ्याचे नाव विसरतो. त्याच्या मनात जळगावचे नाव तेवढे उणे होते.

म्हणून प्रत्येकाच्या हाती असलेली काही कामे सांगून हा लेख आटोपतो घेतो. जे बागायतदार मानांकनाचे नाव वापरू इच्छितात, त्यांनी कायद्याप्रमाणे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी. केवळ जिल्ह्यात बाग असणे त्यासाठी पुरेसे नाही. व्यापाऱ्यांनी घड कोणत्या गटातून, कोणत्या दिवशी कापला, याची नोंद खोक्यापर्यंत पोहोचवावी, आणि दोन ठिकाणचा माल एका नावाखाली मिसळू नये. कारण माल एकदा मिसळला, की सालीवरील सूक्ष्मजीवही मिसळतात आणि निसर्गाची साक्ष कायमची नष्ट होते. गृहिणींनी केळी घेताना ‘कुठली आहेत?’ एवढे अवश्य विचारावे. विचारणारे ग्राहक वाढले, की सांगणारे विक्रेतेही वाढतात.

प्रयोगशाळा पुढे जे सांगेल ते सांगेल. ज्या क्षणी बागेत घडावर कोयता पडतो, त्या क्षणी त्याचे गाव जाणणारी माणसे तेथे हजर असतात. ते ज्ञान ग्राहकापर्यंत अविकृत पोहोचविणे हे व्यापाराचे काम आहे. साखळीत कोठे खंड पडला, तर सूक्ष्मजीवांची साक्ष ते दाखवून देऊ शकेल.